दिवेलागणीचा फोन

...आणि वर मलाच विचारतो, "काका, नुकसान कुठाय?"

मला! मी भिवा, कोलशेतच्या वाडीतला, वय चौऱ्याहत्तर, स्वतःचं घर स्वतःच्या हाताने बांधलेला माणूस, त्या घराच्या ओट्यावर उभा, आणि समोर हा विमा कंपनीचा सर्वेयर, कल्याणहून आलेला, बुटाला धूळ लागेल म्हणून बोटांवर चालणारा... आणि मला विचारतो, नुकसान कुठाय! अरे, नुकसान काय फडताळात मांडून ठेवतात, पाहुणा आला की काढून दाखवायला? आमच्याकडे घर मोडलं तर माणूस ते उभं करतो. कंपनीचं म्हणणं, मोडलेलंच ठेवा. कधीपर्यंत? साहेब येईपर्यंत. आणि साहेब कधी आले? नवव्या दिवशी!

पण थांबा. मी तुमच्यापुढे रडायला उभा नाही राहिलो. रडणं आमच्यात नाही. तुम्हाला सांगतो, चूक माझी. सगळी माझी. फक्त कशी झाली तेवढं ऐका.

हे घर मी बांधलं तेव्हा मिठागर सुटलेलं, नुकताच कारखान्यात हेल्पर लागलेलो. सुट्टीच्या दिवशी विटांची एक रांग. एकच. सहा वर्षं! कमळा, म्हणजे माझी बायको, डोक्यावर रेती वाहायची आणि मी विटा लावायचो. गवंडी लावला नाही. गवंड्याला दोन हात, मलापण दोन हात. आता मागची भिंत जरा पोट काढून उभी राहिली, हे खरं. पण उभी राहिली ना? माझा मुलगा मयूर त्या भिंतीला हसायचा. म्हणायचा, "बाबा, आपल्या भिंतीला कितवा महिना?" ह्याला मी शिकवला. कॉलेजात घातला. हे शिकून आला!

तर हा मयूर. कल्याणला नोकरीला. आणि आमच्या शेजारी एकवीस मजल्यांचा टॉवर, त्याच्या अंगणात पोहायचा तलाव. खाडी आहे पलीकडे अख्खी, पण यांना तलाव पाहिजे. त्या टॉवरच्या बिल्डरला आमची जागा पाहिजे होती. मयूर रोज जेवताना सुरू, "बाबा, देऊन टाकू ना यार. नवा फ्लॅट भेटेल. लिफ्ट भेटेल." बापाला यार! मी म्हणायचो, "मला लिफ्ट कशाला? मी काय विहिरीत राहतो?" विषय बंद. दुसऱ्या दिवशी परत तेच.

मग सूनबाई मध्ये पडली. निशा. पोरगी चांगली, भांडण दिसलं की मध्ये काहीतरी आणून ठेवते. कधी भजी, कधी पाहुणे. या वेळी विमा आणला. "मामा, तुम्हाला घर ठेवायचंय ना? मग घराचा विमा काढू. वादळ आलं, पाणी आलं, काही पडलं-झडलं, कंपनी बांधून देईल. मग हेपण काही बोलणार नाहीत." हे म्हणजे मयूर.

नौपाड्यातून एजंट आला, कमलेश. केसांना तेल, बोलण्याला साखर. घराला एक चक्कर मारली, मागच्या भिंतीचं पोट बघितलं, काही बोलला नाही... तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं, जो माणूस विकायला येतो आणि खोट काढत नाही, तो तुमचा नाही! बसला, चहा घेतला आणि कागद वाचायला लागला. "काका, यात सगळं कव्हर आहे. वादळ, पूर, वीज पडणे, दंगल, विमान पडणे..." मी म्हटलं, विमान? "हो काका. आणि क्षेपणास्त्राची चाचणी." म्हटलं, कोलशेतवर? "सांगता येत नाही ना काका!" कमळा आतून ओरडली, "आवं, तो कनाला इतकं वंगाळ बोलतंय घरात? त्याला सांगा, चाय घे आनि जा!" बरोबर बोलत होती ती. आमच्यात घरात बसून घराचं वाईट बोलत नाहीत. पण माझी सही झालेली. त्या सहीच्या वेळी तो मला शाईचं पॅड पुढे करतो, "काका, सही की अंगठा?" म्हटलं, चौथी पास आहे, पेन आण! आणि केली सही. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

मग विचारतो, "मोबाईल नंबर कोणाचा टाकू?" मयूर म्हणाला, "माझा टाक." मी म्हटलं, "घर कोणाचं?" मीच सांगितलं, "घर माझं. नंबर माझा!"

झालं. तिथे पहिली चूक. लिहून ठेवा. चूक कोणाची? माझी.

आता वादळ. मे महिना, दुपारचे चार, मी ओट्यावर. समोर खाडीवर आभाळ असं पिवळं झालं, जुन्या वर्तमानपत्रासारखं. मिठागरावर वाढलो, मला वारा कळतो. मी कमळाला म्हटलं, आत ये. ती म्हणाली, पापड गोळा करते. मी म्हटलं, पापड राहू दे. ती म्हणाली, उडीद काय तुमच्या बापाने... आणि तेवढ्यात आला! अहो, काय वारा! धूळ, कागद, पोरांच्या चड्ड्या, पापड, सगळं एकदम वर! आणि आमच्या छपराचे सिमेंटचे पत्रे असे एकेक सुटायला लागले, जसे पत्ते वाटतोय कोणी. एक, दोन, तीन... अकरा पत्रे! त्यातला एक कुठे गेला? सरळ टॉवरच्या तलावात! मी वर बघितलं तर घरातून आभाळ दिसतंय. देव्हाऱ्यावर आभाळ! आणि मागच्या भिंतीतून आवाज आला, कट्ट. एकदाच. वरपासून खालपर्यंत भेग. हात जाईल एवढी.

दहा मिनिटांत वारा गेला. टॉवरचा वॉचमन धावत आला. "अंकल, स्विमिंग पूल में पत्रा गिरा है. आपका है क्या?" मी छपराकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. म्हटलं, "था."

आता ऐका, आमच्या वाडीची रीत. कोणाचं छप्पर गेलं तर बोलवायला जावं लागत नाही. माणसं येतात. शेजारचा राघो आला, गवंडीकाम करतो, त्याच्यामागे दहा-बारा जण, कोणाच्या हातात दोर, कोणाकडे हुक, कोणी आपल्या गोठ्याचे जास्तीचे पत्रे टेम्पोत घालून आणले. कोणी विचारत नाही की कधी परत देणार. घरच्या बाईने भात टाकायचा आणि सुकटीचा रस्सा, एवढंच. का? कारण देव्हारा उघडा ठेवून दिवा लावत नाहीत. दिवेलागणीच्या आत छप्पर चढलंच पाहिजे. तीन तासांत चढवलं! मोडक्या पत्र्यांचे तुकडे राघोने उचलले आणि खाडीच्या बांधाला टाकले, तिथे भरतीचं पाणी आत येतं. एक तुकडा वाया गेला नाही. याला म्हणतात काम!

मधे निशा मोबाईल घेऊन आलेली. "मामा, बाजूला व्हा जरा, फोटो काढते." मी म्हटलं, "अगं, पडक्या घराचा फोटो काढतात? वेडी का काय? छप्पर चढू दे, मग काढ." ती ऐकणारी पोरगी. थांबली. मग काढला. फोटो असा सुंदर आलाय... नवं छप्पर, वर दहा माणसं, हात वर करून हसतायत, आणि खाली मधोमध मी. विमा कंपनीला पुरावा म्हणून हाच एक फोटो गेला!

चूक कोणाची? माझी. पण ही लहान. मोठी पुढे आहे.

कमळाने दिवा लावला. निशाने मयूरला कामावर फोन केलेला, त्याने तिथूनच मोबाईलवर कंपनीला कळवलेलं. मला काय माहीत? मी हात धुतोय, दिवा आत्ताच लागलाय, आणि माझा फोन वाजला. एक पोरगी. गाडी सुटायला लागल्यासारखी बोलते. "नमस्कार-सर-मी-रुपाली-बोलतेय-हा-कॉल-रेकॉर्ड-होतोय-सर-तुमचं-घर-कसं-आहे?"

आता तुम्हीच सांगा. दिवा लागलाय. परक्या घरची पोरगी विचारते, घर कसं आहे. काय बोलणार माणूस?

माझा बाप मिठागरावर होता. मी सात-आठ वर्षांचा असेन. एकदा दिवा लागल्यावर कोणीतरी त्याला रस्त्यात विचारलं, "बांध कसा आहे रे?" बाप थकलेला, वैतागून बोलून गेला, "गेला समज." पहाटेपर्यंत बांध गेला! अख्ख्या हंगामाचं मीठ खाडीत विरघळलं. त्या दिवसापासून आमच्या घरात कायदा आहे. दिवा लागला की घराचं, माणसाचं, बांधाचं वाईट तोंडातून काढायचं नाही. कोणी काही विचारो, बरं आहे म्हणायचं. माझा धाकटा भाऊ तापाने फणफणलेला, डॉक्टर संध्याकाळी आला, त्याने विचारलं, कसा आहे? आई म्हणाली, बरा आहे. डॉक्टर हसला नाही, त्याला माहीत होतं. इथलाच होता.

तर मी म्हटलं, "बरं आहे."

"काही नुकसान झालंय का, सर?"

"काही नाही. देवाची कृपा."

"छप्पर वगैरे?"

मी वर बघितलं. नवं कोरं! म्हटलं, "एकदम मजबूत."

"भिंती, सर?"

आता भिंतीकडे माझी पाठ होती. मी वळलोच नाही. "बरं आहे पोरी, सगळं बरं आहे. तू जेवलीस का?"

"थँक्यू सर, नोंद झाली."

मला बरं वाटलं. म्हटलं, कोणाची का असेना, चौकशी तरी केली!

आठ वाजता मयूर आला. छप्पर बघितलं आणि डोक्याला हात लावला. "बाबा! पत्रे कुठायत?" म्हटलं, बांधाला. "फोटो?" निशाने फोटो दाखवला. तो खालीच बसला. "कंपनीचा फोन आलेला?" म्हटलं, "कंपनीचा नाही. एका पोरीचा आलेला." "काय बोललात?" म्हटलं, "काय बोलणार? बरं आहे म्हटलं." अहो, पोरगा एवढा शिकलेला, पण असा ओरडला की वाडीतली कुत्री उठली. "अरे यार, बाबा! बरं आहे? घर पडलंय आणि बरं आहे?" म्हटलं, "ओरडू नकोस. दिवा लागलाय."

सकाळी राघोने भिंतीच्या भेगेत हात घातला. कोपरापर्यंत गेला. म्हणाला, "भिवादादा, खोटं नाही बोलणार. ही भिंत पावसाळा काढायची नाही. पाडून नवीन बांधायला लागेल." मयूरने ऐकलं. माझ्यासमोर उभा राहिला. पहिल्यांदा यार नाही बोलला. "बाबा, निशा आहे, पोरं आहेत, या भिंतीखाली मी त्यांना झोपवणार नाही. विमा मिळाला तर भिंत बांधू, घर राहील, मी बिल्डरचं नाव काढणार नाही. नाही मिळाला, तर तुम्ही सही करायची. बोला."

काय बोलणार? बरोबर बोलत होता पोरगा. म्हटलं, "जबान दिली."

तर आता सगळं त्या सर्वेयरवर. मयूरने बजावलं, भिंतीला हात लावू नका, तिचे फोटो साहेबच येऊन काढणार. नाही लावला. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस... फोन केला की मधे गाणं लावतात. गाणं संपलं की म्हणतात, आपका कॉल महत्त्वपूर्ण है. परत गाणं! सहाव्या दिवशी वाडीत पुतणीची हळद. आता आमची हळद म्हणजे काय, बाहेरच्याला नाही कळायचं. पाचशे माणूस. बँजो. आणि मांडवात जायची वाट कुठून? आमच्या मागच्या भिंतीच्या बाजूने! मुलाकडचे पाहुणे येणार, मानाचे, आणि त्यांनी काय बघायचं? भिवाची फाटकी भिंत? लग्नाच्या घराजवळ?

मी सकाळी उठलो, सिमेंट कालवलं, भेग बुजवली, वर प्लॅस्टर ओढलं. म्हटलं, प्लॅस्टर एकटं वाईट दिसतंय... रंग लावला. पोपटी. एका भिंतीला लावला तर बाकीच्या तीन रुसतील. चारही केल्या! कमळा म्हणाली, "आवं, तो सायेब येनार हाय ना बघायला?" म्हटलं, "येऊ दे. भेग आतमध्ये आहेच की! रंगाने भेग जाते का? शिकलेला माणूस आहे. डॉक्टर काय पोट फाडून बघतो? वरून हात लावून सांगतो!"

चूक कोणाची? आता तुम्हीच बोला, मी दमलो.

नवव्या दिवशी आला. कल्याणहून. बोटांवर चालत. घराकडे बघितलं... पोपटी घर, नवं छप्पर, दाराला हळदीच्या दिवशीचं तोरण अजून तसंच. "काका, हेच घर?" म्हटलं, हेच. "फारच छान ठेवलंय हो!" आणि मी... मी म्हटलं, "मग!" मयूरने माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, हा आता मला तलावात टाकतो.

आणि मग तो विचारतो. "नुकसान कुठाय?"

मयूर बोलला, निशा बोलली, राघो बोलला, सगळे एकदम बोलले. सर्वेयरने ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं, दोन शिव्या दिल्या असत्या. त्याने तो फोटो बघितला, दहा माणसं हसतायत. त्याने भिंतीवर टिचकी मारली, पोपटी रंग बोटाला लागला. मयूर म्हणाला, "मी प्लॅस्टर फोडून दाखवतो, घण आणतो." तो म्हणाला, "आता फोडल्यावर भेग कधीची ते कसं कळणार? आणि खरं सांगू का, भिंतीचा प्रश्नच नाही. हे ऐका." आणि त्याने मोबाईल काढला आणि लावलं.

आणि ओट्यावर माझा आवाज यायला लागला.

"बरं आहे... काही नाही. देवाची कृपा... एकदम मजबूत... तू जेवलीस का?"

सगळी वाडी ऐकतेय. तुम्हाला सांगतो, चौऱ्याहत्तर वर्षांत मी माझा आवाज बाहेरून कधी ऐकला नव्हता. माझ्या बापाचा वाटला.

सर्वेयर जवळ आला. हळू आवाजात बोलला, एकट्याला ऐकू येईल असं. "काका, होतं असं. घाईत फोन दुसराच कोणी उचलतो. शेजारी, पाहुणा, कोणीपण. हा आवाज तुमचा नसेल तर तसं सांगा. मी लिहितो, फोन विमाधारकाने घेतला नाही. मग पुढचं बघता येईल."

मयूर मागून, "बाबा, बोला ना!" निशा, "मामा, बोला!" राघो तर पुढेच आला, "साहेब, मी उचललेला फोन! माझा आवाज आहे तो!" राघोचा आवाज असा की त्याने हाक मारली तर घोडबंदरला गाडी थांबते. आणि कमळा... दारात उभी राहिली फक्त. सहा वर्षं रेती वाहिलेली बाई.

एक शब्द. नाही म्हणायचं. एवढंच. घर राहत होतं.

आता मी काय करू? छप्पर गेलं तर दुसरं चढवता येतं. भिंत गेली तर बुजवता येते, रंग लावता येतो. पण स्वतःच्या दारात उभं राहून, बायकोसमोर, पोरासमोर, माझा आवाज माझा नाही म्हणू? उद्या मयूरने विचारलं, जबान दिलेली ना, तर ती कोणाच्या आवाजात दिलेली?

म्हटलं, "माझा आहे."

सर्वेयरने लिहिलं. एक ओळ. चहा घेऊन गेला. कमळाने साखर जास्त घातलेली. पाहुणा तो पाहुणा.

आणि जबान ती जबान. केली सही. बिल्डरचा माणूसपण विचारतो, "काका, अंगठा?" ...जाऊ दे.

घर पाडायला मशीन आलं तेव्हा मी बघायला गेलेलो. मयूर म्हणाला, नका जाऊ. गेलो. पुढची भिंत, एक ठोका. बाजूच्या दोन, एकेक ठोका. आणि मागची, पोटवाली, भेगवाली, जी पावसाळा काढणार नव्हती... तिला चार ठोके लागले! मशीनवाला खाली उतरला, बघितलं, परत चढला. राघो माझ्या बाजूला उभा होता. म्हटलं, "राघो, पावसाळा?" तो खाडीकडे बघत बसला.

आता आम्ही डोंबिवलीला. बिल्डरने भाड्याने घेऊन दिलंय, नवीन होईपर्यंत. चौदावा मजला. लिफ्ट आहे. कमळा तिच्यात देवाचं नाव घेऊन चढते. वारा सुटला की खिडक्या शिट्ट्या मारतात, पण उडत काही नाही. उडायला आपलं काही नाहीच.

परवा संध्याकाळी कमळाने दिवा लावला. आणि फोन वाजला. तीच. "नमस्कार-सर-मी-रुपाली-बोलतेय-हा-कॉल-रेकॉर्ड-होतोय-तुमच्या-विम्याचं-वर्ष-संपतंय-सर..." मी ऐकत राहिलो. "पुढच्या वर्षासाठी चालू ठेवायचाय का, सर?" तिला वाटलं, ऐकू येत नाहीये. मोठ्याने विचारते, "सर, घर कसं आहे?"

आता सांगा. काय बोलायचं? त्या जागी खड्डा आहे. तीन पुरुष खोल. बघून आलोय.

मयूर समोर बसलेला. त्याने खूण केली, सांगा ना बाबा, घर नाही म्हणून. एकदाचं सांगून टाका. मी कमळाकडे बघितलं. ती दिव्याची वात पुढे सारत होती.

म्हटलं, "बरं आहे पोरी. कायपण झालं नाही त्याला."